एकास नऊचा भाव

आम्ही कामतघरला दुसऱ्या मजल्यावर राहत होतो आणि आमच्या पायाखालच्या कारखान्यात कापडाचे लूम चालायचे. मांडणीतले पेले दिवसभर एकमेकांवर टकटक आपटत. त्याचं कुणाला काही वाटत नसे. वाटायला लागलं ते जिन्याजवळच्या खांबाला भेग पडल्यावर. मालकानं भेगेवर आडवी काचेची पट्टी सिमेंटनं चिकटवली. भेग वाढली की काच तडकणार, म्हणजे आपल्याला कळणार. आठवड्याभरात काच तडकली. मालकानं नवी पट्टी लावली.

मग समोरच्या चहाच्या टपरीवर पैजा सुरू झाल्या. लूमची सुट्टी शुक्रवारी, तेव्हा मुदतही तीच: या शुक्रवारपर्यंत इमारत पडणार की नाही? पैसे नाहीत, सगळा व्यवहार कटिंग चहाचा. भाव होता एकास नऊ. 'पडणार' म्हणून एक चहा लावा, पडली तर नऊ घ्या. इमारत पडली तर टपरीही तिच्याखालीच जाणार होती. मग हे नऊ चहा कोण पाजणार, हा प्रश्न एकाही शहाण्याला पडला नाही.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. एकास नऊ म्हणजे नवातला एक, असं धरून मी रोज जिना धावतच उतरायचे. मग वर्गात संभाव्यता शिकवायला घेतली. एक वाटा पडण्याचा, नऊ वाटे न पडण्याचे, मिळून दहा. म्हणजे शक्यता दहातली एक. भावात दोन बाजू समोरासमोर उभ्या असतात, संभाव्यता मात्र सगळ्या वाट्यांतून एका बाजूचा वाटा सांगते. माझा जीव भांड्यात पडला. अकरा टक्क्यांवरून दहा टक्क्यांवर आले म्हणून! असली अक्कल यायला कॉलेजातच जावं लागतं.

घरी येऊन आईला ऐकवलं. ती भाकऱ्या थापत होती. "आपली दहा घरं असती तर एकाचं काय ते बघितलं असतं," ती म्हणाली. "हाय ते एकच. ते तुझ्या दहात कुठं बसतं?" मी तिच्यावरच चिडले.

आईला तिथून निघायचं होतं. बाबा हलायला तयार नव्हते. खोली पागडीची, एकदा सोडली की कायमची गेली. ते खालच्याच कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करायचे. "काय न्हाय होत," एवढंच ते म्हणायचे.

दिवाळी झाली आणि भाव एकास तीनवर आला. म्हणजे चारातला एक. हा हिशेब मला आता चटकन जमायचा आणि तोच नकोसा झाला होता. दूध आणायला गेले असताना मी चहावाल्या भय्याला विचारलं, खांबात नवीन काय दिसलं?

"खंबे में क्या होगा, दीदी? तुम्हारे पप्पा हर हफ्ते 'गिरेगी' पे लगाते हैं. जॉबर लगाता है, तो सब लगाते हैं."

घरात काही होत नाही म्हणणारा माणूस बाहेर आमच्याच पडण्यावर पैज लावत होता. मी बाबांना जिन्यातच गाठलं. ते ओशाळले.

"माझी पैज कधी लागली हाय का, सांग."

खरं होतं. क्रिकेटमध्ये बाबा ज्याच्यावर लावतील तो संघ हरायचा. गल्लीतली माणसं त्यांना विचारून बरोबर उलटं लावायची. "म्हणून 'पडंल' यावर लावतो," ते म्हणाले. "मी हरतोय तवर ती उभी हाय." आणि हरलेले चहा दर शुक्रवारी खुशीत चुकते करत होते.

मला आधी हसू आलं, मग भीती वाटली. म्हणजे चारातला एक हा आकडा खांबातून आलाच नव्हता. लोक बाबांकडे बघून लावत होते आणि बाबा आपल्या नशिबाकडे बघून. खांबाला कुणीच विचारलं नव्हतं. खरी शक्यता शंभरातली एक होती की दोनातली एक, हे त्या गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं.

एका बुधवारी भारनियमनात लाईट गेली होती. बाबा जेवणाच्या वेळेआधीच धापा टाकत वर आले.

"लाईट बाराच्या आत येनार म्हणून लावलं," ते आईला म्हणाले. "आली."

"मग?"

"मी जिंकलो. पयल्यांदाच."

खाली एकेक लूम सुरू होत होता, पेले वाजायला लागले होते. आईनं गॅस बंद केला आणि चादरीत कपडे बांधायला घेतले.

शेजारी विचारत होते, जॉबर, खांबात काय दिसलं? काय सांगणार ते? "उतरा खाली," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले आणि लोक हसले. आम्ही गाद्या घेऊन रस्त्यावर येईपर्यंत भय्यानं भाव बरोबरीवर आणला होता, एकास एक. खांब सकाळी होता तसाच होता.

नारपोलीत आम्ही भाड्याची खोली घेतली. इमारत त्या शुक्रवारी पडली नाही, पुढच्याही नाही. मालकानं आमची खोली रंगवून एका लेकुरवाळ्या कुटुंबाला दिली. बाबा मात्र रोज सकाळी त्याच टपरीवर जात. वर आमच्या गॅलरीत लहान बाळाची दुपटी वाळत असायची. भय्या विचारायचा, "बोलो जॉबर, किस पे?" बाबा फक्त चहा मागायचे. एकदा मी त्यांना बोलवायला गेले, तर ते चहाचा ग्लास तसाच हातात धरून वर बघत उभे होते.

"तू शिकलीस ना," ते मला म्हणाले. "मग सांग, आता कंच्या बाजूला लावू म्हंजे ती पोरं वाचतील?"