वाकळीच्या पोटातला घास

माझा पुतण्या पुण्यात शाश्वत वस्त्रांचे दुकान चालवतो. शाश्वत हा शब्द मी आयुष्यभर आत्म्यासाठी राखून ठेवला होता. तो उशीच्या अभ्र्यालाही लागतो, हे त्याच्याकडून कळले.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी त्याचा फोन आला. "काका, हाताने वाकळ शिवणारी अस्सल बाई हवी. मशीनचा एकही टाका नको." मी पूजा सांगतो त्या राजूरच्या गणपतीला चतुर्थीस हसनाबादहून एक बाई येत. त्यांच्या वाकळींचे, म्हणजे जुन्या लुगड्यांच्या गोधड्यांचे, नाव पंचक्रोशीत होते. गुडघ्यांमुळे त्यांचे कापूस वेचणीला जाणे सुटले होते. हे काम लागले तर बसल्या जागी वर्ष निघणार होते. मी दोघांची गाठ घालून दिली.

पुतण्याने जुन्या लुगड्यांचा गठ्ठा पाठवला आणि बाईंनी नमुन्याची वाकळ शिवली. ती पुण्याला गेली आणि पंधरवड्यात पार्सलने माझ्या दारी परत आली.

"कोपऱ्यात काहीतरी कडक लागतंय, काका. उसवून पाहिलं तर पोळीचा तुकडा. कस्टमरच्या बेडरूममध्ये मुंग्या होतील."

आमच्याकडे वाकळ पुरी होताना शेवटच्या कोपऱ्यात पोळीचा घास ठेवून टाका घालतात. उपाशी वाकळ पांघरणाऱ्याला ऊब देत नाही, अशी समजूत. मी हे सांगितले, तेव्हा पुतण्याने विचारले, "शास्त्रात आहे का?" नाही, असे मला प्रामाणिकपणे सांगावे लागले. त्याला फार आनंद झाला. लगेच तोडगाही निघाला: घासाऐवजी कापसाची गोळी घालायची आणि वाकळीला लावायच्या चिठ्ठीवर मात्र घासाची कथा छापायची.

हा तोडगा आणि ती वाकळ घेऊन मी बसने हसनाबादला गेलो. बाईंनी आधी उसवलेला कोपरा पाहिला, मग माझ्याकडे.

"उपाशी ठिवून कुणाच्या अंगावर घालायची, गुरुजी? लेकरू असंल, म्हातारं असंल."

"तो कापसाची गोळी घाला म्हणतो. दिसायला तसेच दिसेल."

"तुम्ही देवाला रिकामं ताट दावता का?"

गडबडीच्या दिवशी मी नुसती साखर दाखवतो, हे मला आठवले. मी ते बोललो नाही. शास्त्राचा आधार नाही, एवढे मात्र पुटपुटलो.

"शास्त्र लिव्हणारानं वाकळ शिवली व्हती का?"

मग त्यांनी गठ्ठ्यातले एक लुगडे माझ्यापुढे पसरले. रंग विटलेला, काठ झिजलेला. "हे जुनं म्हणून धाडलंय. बघा, पाठीला झिजलं न्हाई, निऱ्यांना झिजलं न्हाई. सगळीकडं बराबर झिजलंय. कुणी नेसलंच न्हाई हे. दगडानं घासलंय."

पुतण्याने नवी लुगडी विकत घेऊन, घासून, त्यांना म्हातारपण आणले होते. जुने वापरल्याने पृथ्वी वाचते, हे त्याच्या दुकानाच्या भिंतीवर लिहिलेले आहे.

"बाई, काम जाईल," मी म्हणालो. "गुडघ्यांचा विचार करा."

त्या बराच वेळ गुडघा चोळत बसल्या. मग आत जाऊन चतकोर पोळी आणली, उसवलेल्या कोपऱ्यात तिचा तुकडा ठेवला आणि टाके घालू लागल्या. कोपरा बंद झाल्यावर दोरा दाताने तोडला.

"ही माझ्या पोरीला सासरी धाडते. बाकीचा गठ्ठा घिऊन जा, गुरुजी. जड हाये, जपून."

बसमध्ये तो गठ्ठा मांडीवर होता तेव्हा पुतण्याचा फोन आला. बाई नाही म्हणाल्या, असे मी सांगितले. त्याने हळहळ व्यक्त केली, पण फार वेळ नाही.

"दुसरी कुणी आहे का, काका? घास न घालणारी?"

आमच्याच गल्लीत दोघीजणी शिवतात. विचारले असते तर एखादी तयारही झाली असती.

"आमच्या तालुक्यात नाही," मी म्हणालो. त्या असत्याचे प्रायश्चित्त मी अद्याप घेतलेले नाही.