देजॉनच्या फलाटावर अप्पांना हाक

कोरियात आमचे अप्पा हरवले होते, असं मी अजूनही म्हणतो. घरात दुसरं कोणी म्हणत नाही.

अप्पा म्हणजे माझे वडील, वय शहात्तर. दोन महिन्यांसाठी पुण्याहून आमच्याकडे सिंगापुरात सेंगकांगला आले होते. मुलगी रेवा कोरियन मालिकांवर वाढलेली, म्हणून शाळेच्या सुट्टीत सगळे सोलला गेलो आणि तिथून रेल्वेने बुसानला निघालो. "सामान मी बघते, तिकिटं रेवा बघेल," बायको, मानसी, म्हणाली. "तू फक्त अप्पांकडे लक्ष ठेव." (वन-नॉर्थच्या ऑफिसात माझ्या हाताखाली अकरा माणसं आहेत. एका वडिलांवर लक्ष ठेवणं जड जाणार होतं का?)

गाडी इतकी अलगद चालली होती की मी बूट काढले आणि मला डोळा लागला. जाग आली तेव्हा गाडी देजॉन स्टेशनात उभी. मानसी आणि रेवा पुढच्या रांगेत गाढ झोपलेल्या. शेजारी अप्पा नाहीत, त्यांची स्टीलची बाटलीही नाही. गाडी थांबली की उतरून नळावर पाणी भरायचं, ही अप्पांची जन्माची सवय. दौंडला ते एकदा असेच मागे राहिले होते. मी तसाच फलाटावर उतरलो.

"अप्पा! अप्पा!"

कोरियन पोरंही बापाला अप्पाच म्हणतात, हे मला ठाऊक नव्हतं. फलाटावरचे सात-आठ बाप एकदम वळले. बघतात तो टक्कल पडलेला, पोट सुटलेला एक इसम नुसत्या मोज्यांवर, बापासाठी रडकुंडीला आलेला! तेवढ्यात मागे दारं मिटली आणि गाडी गेली. माझा फोन, पाकीट, बूट, सगळं घेऊन.

एका आजींनी माझा हात घट्ट धरला तो सोडलाच नाही. स्टेशनच्या ऑफिसात नेताना त्यांनी केळ्याच्या चवीच्या दुधाची बाटली घेतली आणि स्ट्रॉ लावून माझ्या हातात दिली. मी मुकाट्याने प्यायलो. ऑफिसातल्या बाईंनी भाषांतर करणारा फोन पुढे धरला.

"कोण हरवलं?"

"माझे वडील. अप्पा."

"अप्पा," म्हणत आजींनीच डोळे पुसले.

बाईंनी गाडीतल्या गार्डशी बोलून घेतलं आणि हसू दाबत फोन पुन्हा पुढे केला. "तुमचे वडील जागेवर बसून चकली खात आहेत. तुम्ही कुठे आहात, असं विचारतात." (ते गाडीतल्याच बेसिनवर बाटली विसळायला गेले होते.)

स्टेशनवाल्यांनी मला चपला दिल्या, पुढच्या गाडीत बसवलं. दार मिटेपर्यंत आजी हात हलवत उभ्या होत्या. ज्याचं नावही धड उच्चारता येत नव्हतं, त्याच्यासाठी त्यांनी स्वतःची गाडी चुकवली होती. त्यांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

बुसानला अप्पा माझे बूट हातात घेऊन फलाटावर उभे. रागावले नाहीत. "पाणी पितोस?" एवढंच म्हणाले, आणि मी बाटली तोंडाला लावली. स्टेशनच्या माणसाने कोरियन मजकुराचा एक कागद पुढे केला, त्यावर अप्पांनी मराठीत झोकात सही ठोकली आणि त्याची प्रत खिशात टाकली.

सेंगकांगला परतल्यावर शेजाऱ्यांना मी अप्पा कसे हरवले ते रंगवून सांगत होतो. रेवाने त्या कागदावर फोन धरला.

"अप्पा नॉट लॉस्ट, ला," ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली आणि तिने सगळ्यांसमोर त्याचा अर्थ लावला. हरवलेलं मूल: एक. वय: चव्वेचाळीस. वडिलांच्या ताब्यात दिलं.

मानसीने कागद फ्रिजवर चिकटवला. "अप्पा, आता तुम्हीच ह्याच्याकडे लक्ष ठेवा," म्हणाली. तेव्हापासून पुण्याला परत जाईपर्यंत एलआरटी रेल्वेत चढताना अप्पा माझं मनगट धरायचे. मीही सोडवून घेतलं नाही. त्या वयात मुलं हरवतात.