रजेवरचा नंबर तीन

आमच्या कामगार संघटनेची पत्रकं मी लिहायचो. नगरच्या ज्या भागात राहायचो त्याला तोफखाना म्हणतात. तोफांशी माझा संबंध एवढाच. तरी बांगलादेशच्या लढाईनंतर वर्षभरानं पारनेरकडचे एक निवृत्त हवालदार आमच्या खोलीवर आले आणि म्हणाले, "आमच्या रेजिमेंटचा लढाईचा इतिहास काढा. जवानांच्या मेळाव्यात वाटायचाय."

"तुमच्या पलटणीचा..."

"पलटण पायदळाची. आमची रेजिमेंट. हितंच चुकलात, तर फुडं काय लिव्हनार?"

ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. तोफेवर माणसाला नावानं नाही, नंबरानं हाक मारतात. हवालदार नंबर एक, म्हणजे तोफेचे प्रमुख. नंबर तीन नेम धरणारा, त्यांच्या शेजारच्याच गावचा. तो पहिल्याच दिवशी गोळा पडून गेला.

"मग?"

"मग काय? सरकार म्हनतं त्यो मेलाच न्हाई. रजेवर हाय."

मला चेष्टा वाटली. त्यांनी नोटीसच काढून दाखवली. झालं होतं ते असं. नंबर तीनची रजा आधीच मंजूर झाली होती. त्या सकाळी रजेच्या वहीत 'रवाना' असं लिहिलं गेलं, पण लढाईला तोंड लागलं आणि तो तोफेवरच राहिला. दुपारी मेला. वहीत मात्र रवाना तो रवानाच. मृत्यूची नोंद नाही म्हणून पेन्शन नाही; बायको दुष्काळी कामावर खडी फोडते. आणि तिच्या पत्त्यावर त्याला दर दोन महिन्यांनी पत्र येतं : रजा संपूनही आपण हजर का झाला नाहीत, खुलासा करावा.

माझं डोकं फिरलं. इतिहास ठेवला बाजूला, हवालदारांना घेऊन थेट लष्कराची कचेरी गाठली. कारकुनानं कागद काढले.

"तोफ त्या दिवशी हजर होती, मान्य. तिच्या वहीत प्रत्येक गोळ्याची नोंद आहे."

"आणि नेम कुणी धरला?"

"धरला असेल कुणीतरी. ते या वहीत लिहीत नाहीत."

"मग त्याची रजा रद्द करा!"

"अर्ज द्या."

"कुणी?"

"ज्याची रजा आहे त्यानं."

मी टेबलावर हात आपटला. शाईची दौत उडाली. कारकुनानं ती शांतपणे उचलून ठेवली. "नाहीतर ज्यानं त्याला थांबवून घेतलं त्याचा लेखी जबाब आणा. मात्र रवाना झालेल्या माणसाला परस्पर थांबवणं हा गुन्हा आहे. त्याच्यावर कारवाई होईल, आधीच सांगतो."

मी हवालदारांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

बाहेर आल्यावर म्हणाले, "बिस्तरा बांधून राम राम करायला आल्ता. म्याच म्हनलं, दुसरा नेमवाला येस्तवर थांब." चार पावलं चालून थांबले. "वहिनीला हे सांगितलेलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या बायकोकडे खडीच्या कामावर गेलो. ढिगाशेजारी उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. ती हातोडी चालवत राहिली. सांगून झालं तेव्हा थांबली.

"वरीसभर माझ्या दारात च्या पिऊन गेलात, भावजी. अन् हे आत्ता?"

"तोंड हुईना, वहिनी."

"तोफेवर लई तोंड हुतं की." तिनं खडीवरचं पोतं झटकून पुढं सारलं. "बसा. हितंच लिव्हा. माझ्यासमोर."

पेन माझं होतं. शेवटी 'या जुलमी कारभाराचा धिक्कार असो' हे घाला, असा मी आग्रह धरला.

"गप बसा," दोघं एकदमच म्हणाले.

जबाब चार ओळींचा झाला. 'नंबर तीन माझ्या हुकमानं तोफेवर थांबला. नेम त्यानंच धरला. त्याची चूक नाही. हुकूम माझा.' तिनं तो पुन्हा वाचून घेतला, मग त्यांना सही करू दिली.

त्याच्या मृत्यूची नोंद झाली, पेन्शनचा कागद पुढं सरकला. पुढच्याच आठवड्यात हवालदारांना नोटीस आली : मंजूर रजेवरील जवानास का थांबविले, खुलासा करावा. खुलासा मी लिहितो म्हटलं, त्यांनी लिहू दिला नाही. मेळाव्याच्या मंडळींनी 'इतिहासात असलं नको' म्हणून जबाबाचं पान काढायला सांगितलं. मी काढलं नाही. तो जबाब जसाच्या तसा छापला, आणि पहिली प्रत खडीच्या कामावर नेऊन दिली.