गुद्रूनच्या दारातले मुखवटे

मिनेसोटातल्या नॉर्वेजियन वस्तीच्या एका गावी मी शाळेवर रुजू झाले, त्या नाताळात गुद्रून पहिल्यांदा दिसली. आम्ही मुखवटे घालून घरोघर निघालो होतो. घरच्यांनी ओळखलं की मुखवटा काढायचा, अशी रीत.

"टोर्गर, तोंड झाकलंस, पण ढेरीचं काय?" तिनं सगळ्यांना हसवलं. मग उसना पुरुषी कोट घातलेल्या माझ्यासमोर ती थांबली.

"हाल्वर, तूच ना रे?"

हाल्वर म्हणजे बापाशी भांडून निघून गेलेला तिचा मुलगा, माझ्यासारखाच उंच. मी घाईनं मुखवटा काढला.

"अगंबाई, बाई तुम्ही होय!" म्हणत तिनं बिस्किटांची ताटली पुढे केली.

पुढेही दर नाताळात एखाद्या उंच पाहुण्याला ती तेच विचारी. त्यामुळे उंच माणसं तिच्याकडे जाईनाशी झाली, नंतर कुणीच जाईना.

आता गुद्रून वृद्धाश्रमात असते. हाल्वरचा पत्ता लागलेला नाही.