लोणकढ्यांचं आभाळ

लोणकढे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. गल्लीनं प्रेमानं बहाल केलेली ती पदवी होती. पण ती इतकी मुरली होती की नवं गिऱ्हाईकसुद्धा दुकानात शिरताना सरळ "नमस्कार लोणकढे" म्हणे आणि आमचे हे चष्मेवाले कसलीही दुरुस्ती न करता हसून नमस्कार घेत. खरं आडनाव सांगायचं म्हणजे खरं बोलणं आलं, आणि त्याची त्यांना फारशी सवय नव्हती.

दुकान अरुंद. पुढे काचेच्या कपाटांत फ्रेमा, मागे जाड पडदा आणि पडद्याआड डोळे तपासायची खुर्ची. पडद्याआड बायकोचं राज्य. ती अक्षरं वाचायला लावी, भिंगं बदली आणि शेवटी सांगून टाकी, "नंबर वाढलाय. आणि हे डोळे तुम्ही स्वतःच बिघडवलेत." माणूस तोंड पाडून बाहेर आला की लोणकढे त्याचा ताबा घेत. नंबर वाढला म्हणजे काय, तर नजर आता विचारी झाली. नाक बसकं असलं तर चेहरा भारदस्त, कान पुढे आलेले असले तर ती कलावंताची खूण. कुठलीही फ्रेम कुणाच्याही नाकावर ठेवली की ते दोन पावलं मागे सरत, मान कलती करत आणि म्हणत, "ही तुमचीच वाट बघत होती."

हे सगळं धंद्यासाठी चालायचं असं वाटत असेल तर ते खोटं आहे. महागड्या फ्रेमवर मारत तितक्याच मनापासून ते सगळ्यात स्वस्त फ्रेमवर थाप मारत. समोरचा चेहरा पडलेला त्यांना बघवत नसे, एवढंच. खरं बोललं की लोकांचे चेहरे पडतात हे त्यांना लहानपणीच उमगलं होतं आणि तेव्हापासून त्यांनी तो धोका पत्करणंच सोडून दिलं होतं. याला चांगुलपणा म्हणायचं की भित्रेपणा? निम्मंनिम्मं धरून चालावं, भांडण नको.

याचा सगळ्यात मोठा फटका बसला तो त्यांच्या एकुलत्या एका लेकीला. पोर लहानपणापासून चित्रं काढायची. प्रत्येक चित्र बाबांना दाखवायची आणि बाबा न चुकता "अप्रतिम" म्हणायचे. एकदा तिनं रंग कालवायच्या आधीच कोरा कागद पुढे धरला, तर पेपरातून डोकं वर न काढता बाबा म्हणाले, रंगसंगती सुरेख साधलीय. त्या दिवसापासून तिनं त्यांना चित्रं दाखवणं बंद केलं. ती आईकडे जाऊ लागली. आई म्हणायची हात चांगला काढलास, पाय मात्र लाकडाचा वाटतो. पोर पाय पुन्हा काढायची. लोणकढ्यांना वाटायचं, चला, मोठी झाली, आता तिला शाबासकीची गरज उरली नाही.

ही लेक पुढे घुमटाची कलाकार झाली. म्हणजे काय, हे लोणकढे गल्लीत निरनिराळ्या प्रकारे समजावत आणि प्रत्येक प्रकार चुकीचा असे. खरा प्रकार सोपा होता. गावातल्या तारांगणाचा घुमट दुपारी रिकामा असायचा आणि संचालिकाबाईंनी तो तिला वापरायला दिला होता. मधल्या खुर्चीत एक माणूस रेलून बसायचा. त्याच्या बोटाला नाडी मोजणारा चिमटा, तळव्याला घाम टिपणाऱ्या दोन पट्ट्या, छातीला श्वास मोजणारा पट्टा. अंगात जे चालेल ते कॉम्प्युटरकडे जायचं आणि तिथून वर घुमटभर पसरायचं. माणूस शांत असला की डोक्यावर निळं, संथ पाणी आणि दुरून येणारा हलका सूर. माणूस आतून ढवळला की पाणी तांबडं व्हायचं, फुटायचं, उसळायचं आणि चारी बाजूंच्या स्पीकरांतून आवाज बघणाऱ्यांच्या मानेमागून गरगरत यायचा.

अडचण माणसांची होती. तिचे मित्र खुर्चीत बसले की सुरुवातीपासूनच घाबरायचे, नाहीतर झोपायचे. तेव्हा आपण बसतो असं लोणकढ्यांनीच सुचवलं. चार लोक आपल्याकडे बघताहेत या कल्पनेनं त्यांना आयुष्यात कधी घाम फुटला नव्हता, उलट गार वारा लागल्यासारखं वाटायचं. एका दुपारी दुकानाला कुलूप लावून नवराबायको तारांगणात गेले. बायको पहिल्या रांगेत बसली, लेक कॉम्प्युटरपाशी, आणि लोणकढे खुर्चीत असे रेलले की जणू घुमट त्यांच्या वाडवडिलांनीच बांधलाय.

लेकीनं सुरुवातीला साधे प्रश्न विचारले. वय किती? लोणकढ्यांनी, नवल म्हणजे, खरं वय सांगितलं, कारण बायको समोर होती. घुमट एकदम तांबडा झाला आणि मागून ढग फुटल्यासारखा आवाज आला. लेक हसली. म्हणाली, बाबा, निदान वय तरी खरं सांगा. मग तिनं विचारलं, आज दुकानात कोण कोण आलं होतं? एकही माणूस फिरकला नव्हता. लोणकढ्यांनी एक बँकेचा साहेब, दोन जुळ्या बहिणी आणि एक निवृत्त जादूगार असे तयार केले आणि त्या जादूगाराला कुठली फ्रेम दिली तेही रंगवून सांगितलं. वरचं पाणी इतकं निळं आणि गुळगुळीत झालं की दगड मारावासा वाटावा. लेकीनं तारा तपासल्या. पट्ट्या उलट्या तर लागल्या नाहीत ना, म्हणून काढून पुन्हा चिकटवल्या.

पहिल्या रांगेत बायको सरळ होऊन बसली. या माणसाबरोबर तिनं उभा संसार केला होता.

तिनं बसल्या जागेवरून विचारलं, "काल केलेली भाजी कशी झाली होती?"

"अमृत," लोणकढे म्हणाले. पाणी हललंसुद्धा नाही.

"माझ्या बहिणीला आणायला स्टेशनवर उशिरा का पोचलात?"

"गाडी बंद पडली होती."

निळंशार.

"खरं सांगा."

"डोळा लागला होता," लोणकढे पुटपुटले, आणि घुमटात असा काही कल्लोळ उठला की दाराशी बसलेला पहारेकरी आत डोकावून गेला.

"तुझ्या तारा ठीक आहेत गं," बायको लेकीला म्हणाली. "हा माणूसच उलटा लागलाय. खोटं बोलताना याला विश्रांती मिळते. खरं बोलायचं म्हटलं की जीव जातो याचा."

तिघंही खूप हसले. लोणकढे तर सगळ्यात जास्त हसले, कारण अशी ख्याती कुणाला मिळते? तेवढ्यात लेकीचं हसणं थांबलं. हात कॉम्प्युटरवरच ठेवून, वर न बघता तिनं विचारलं, "बाबा, मी हे जे करते ते तुम्हाला कसं वाटतं?"

"अप्रतिम," लोणकढे म्हणाले. सवयच ती. शब्द तोंडातून सुटला आणि मग त्यांची नजर वर गेली. वर निळं पाणी होतं. संथ, स्वच्छ, त्यावर एक तरंग नाही.

लेकीनं यंत्र बंद केलं, दिवे लावले आणि तुम्ही दोघं व्हा पुढे म्हणाली. तिचा चेहरा पडला होता. लोणकढ्यांनी उभ्या जन्मात जी एक गोष्ट टाळली, ती त्यांच्या सगळ्यात आवडत्या शब्दानं करून दाखवली होती.

पुढचे काही दिवस वाईट गेले. लेक रुसली असती तर त्यांना बरं वाटलं असतं, रुसव्यावर त्यांच्याकडे औषधं होती. पण ती नीट बोलायची, फक्त ते काही म्हणाले की मान डोलवायची आणि एक अक्षरही आत घ्यायची नाही. आज पाऊस येईलसं वाटतं म्हणाले तरी ती खिडकीतून बघून खात्री करायची. आता आपण काहीही बोललो तरी या पोरीच्या लेखी ते निळं पाणीच.

मग त्यांनी खरं बोलण्याचा सराव करायचं ठरवलं, आणि तोही थेट गिऱ्हाइकांवर. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या शिंपीणबाई गोल, जाड काड्यांची फ्रेम लावून आरशासमोर उभ्या होत्या. लोणकढ्यांनी काउंटर धरला आणि सांगितलं की या चष्म्यात तुम्ही घुबडासारख्या दिसता. बोलून झाल्यावर त्यांना स्टूलावर बसावं लागलं. शिंपीणबाईंनी आरशात निरखून पाहिलं, घुबड हुशार असतं म्हणाल्या आणि तीच फ्रेम घेऊन गेल्या. पडद्याआडून बायको खोकली, पण तो खोकला नव्हता.

त्याच संध्याकाळी लोणकढे लेकीच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. आत यायला सांगितलं तरी आत येईनात. शेवटी त्यांनी उंबऱ्यावरूनच बोलून टाकलं की तुझं ते निळं पाणी बघताना मला कंटाळा आला. कुणीतरी माशांच्या टाकीत कोंडून वर झाकण लावल्यासारखं वाटलं. रंग चांगले आहेत, पण त्यात कुणी राहत नाही. हे सांगताना त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता आणि तो टिपायला कुठल्या पट्ट्यांची गरज नव्हती. लेकीनं त्यांना रुमाल दिला आणि दार लोटून घेतलं.

लोणकढ्यांना वाटलं, संपलं, उरलंसुरलंही गेलं. पण दुसऱ्या दिवशी लेक दुकानात आली आणि म्हणाली, त्या घुमटात कुणीतरी राहायला हवं ना, मग तुम्हीच राहा. नवा प्रयोग असा: तुम्ही खुर्चीत बसून लोकांना तुमच्या गोष्टी सांगायच्या. खऱ्या, खोट्या, मनाला येतील तशा. आणि आभाळ काय करतं ते लोकांनी बघायचं. लोणकढ्यांनी विचारलं, लोकांना ते उलटं गणित सांगायचं का? लेक म्हणाली, "कशाला? ते आपलं घरातलं."

प्रयोगाच्या दिवशी घुमट गच्च भरला. निम्मी गल्ली होती, त्यांच्याच दुकानातले चष्मे लावून. लोणकढ्यांनी तोंड उघडलं आणि जादूगारापासून सुरुवात केली. वर निळाई पसरली, दुरून सूर आला, लोक शांतपणे ऐकू लागले. मग ते शाळेत गणितात नापास झाले होते त्याची गोष्ट आली, ती पूर्ण खरी होती, आणि आभाळ लालभडक होऊन सगळ्यांच्या मानेमागून गर्जत गेलं. लोक खदखदून हसले. पकडला, पकडला, असं कुणीतरी ओरडलं. कुणी काही सांगितलं नव्हतं, लोकांनी आपापलं ठरवून टाकलं की तांबडं म्हणजे थाप. मग काय विचारता. लोणकढे समुद्राखाली चष्मे विकून आले, तर सगळ्यांनी भाबडेपणानं माना डोलावल्या. लग्नाच्या दिवशी बूट सापडेनात म्हणून आपण चपला घालून उभे राहिलो म्हणाले, तर छप्पर उडायची वेळ आली आणि बायको डोळे पुसत हसत राहिली.

शिंपीणबाईंनी मधेच उठून विचारलं, आता सांगा, हा चष्मा मला शोभतो की नाही? लोणकढे म्हणाले, तो तुमचीच वाट बघत होता. निळंशार. बाईंनी विजयी मुद्रेनं आजूबाजूला पाहिलं आणि खाली बसल्या.

प्रयोग संपत आला तेव्हा लेकीनं माईक उचलला. हे ठरलेलं नव्हतं. तिचा आवाज जरा बारीक झाला होता.

"बाबा, एक शेवटचा प्रश्न. हे कसं झालंय?"

आता खरी पंचाईत होती. खरं सांगावं तर आभाळ फुटणार, आणि समोरची सगळी माणसं समजणार की हा बाप पोटच्या पोरीचं खोटं कौतुक करतोय. गल्लीपुढे, संचालिकाबाईंपुढे, पोरीच्या पहिल्याच प्रयोगाचं हसं होणार. काही जमलं नाही, वाईट आहे असं खोटंच म्हणावं तर वर निळं पाणी येणार, लोकांना ते खरं वाटणार, आणि ते तर त्याहून वाईट. चेहरे वाचवण्यात आयुष्य घातलेल्या माणसाला एकही वाट मोकळी दिसेना. बोलायच्या आधीच वर कडेकडेनं तांबूस रेघा उमटायला लागल्या होत्या.

त्यांनी समोरच्या चेहऱ्यांकडे बघणं सोडलं आणि कॉम्प्युटरपाशी उभ्या असलेल्या एका चेहऱ्याकडे पाहिलं.

"मला यातलं फारसं कळत नाही," ते म्हणाले. "पण हे तू केलंस म्हणून नाही, चांगलं झालंय म्हणून मला आवडलं. फार आवडलं."

घुमट पेटला. निळ्याचा थेंब उरला नाही. तांबडं, शेंदरी, पिवळं असं काही उसळलं की लोकांनी खुर्च्यांचे हात धरले, आणि आवाज मागून उठला, डोक्यावरून गेला, पुढून परत आला आणि थांबायलाच तयार होईना. सगळं सभागृह हसून हसून लोटपोट झालं. सगळ्यात मोठी थाप शेवटी राखून ठेवली होती, असं म्हणत लोक टाळ्या पिटत होते. खुर्चीत लोणकढे घामानं चिंब झाले होते आणि कुणाचीही समजूत घालत नव्हते.

दिवे लागल्यावर शिंपीणबाई गर्दीतून वाट काढत लेकीपाशी गेल्या. पोर रडत होती हे त्यांच्या नव्या चष्म्यातून स्पष्ट दिसत होतं. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"मनाला लावून घेऊ नकोस गं," त्या म्हणाल्या. "बाप आहे. लेकीसाठी थोडं खोटं बोलणारच."

"हो ना," लेक म्हणाली, आणि नाक पुसत बाबांच्या बोटाचा चिमटा काढायला गेली.