धुरातला आवाज

मी अमावस्येला नवीन गाडी घरी आणलेला माणूस आहे, कारण त्या दिवशी शोरूममध्ये गर्दी नसते. ग्रुपवर अमानवीय अनुभव वाचतो, पण करमणूक म्हणून. त्यामुळे हे लिहायला दीड वर्ष लागलं...

मी वैभव, राहायला कोपरला, नोकरी ठाण्यात. रविवारी ड्रिफ्टिंग करतो. म्हणजे मागची चाकं मुद्दाम घसरवायची आणि गाडी आडवी ठेवून वळण काढायचं. स्पर्धेत दोन गाड्या एकत्र सोडतात. मागच्याने पुढच्याला जितकं चिकटून राहावं तितके गुण. टायरच्या धुरात मागच्याला काही दिसत नाही, म्हणून प्रत्येकाचा एक स्पॉटर उंचावर उभा राहतो आणि हेल्मेटमधल्या वायरलेसवर सांगत राहतो.

माझी स्पॉटर माझी बायको, सुप्रिया. ती शाळेत शिकवते. त्या आठवड्यात तिचा घसा पूर्ण बसलेला. नौपाड्यातल्या डॉक्टरांनी आठ दिवस एक शब्दही बोलायचा नाही असं बजावलेलं. ती घरी थांबली आणि तिच्या जागी माझा मित्र संदेश आला.

जागा कल्याण-शीळ रोडच्या आत, एका बंद कारखान्याचं काँक्रीटचं आवार. सकाळचे सव्वाअकरा, लख्ख ऊन. माझ्यापुढे कल्याणची रेणुका होती. आमची ओळख हाय-हॅलोपुरती. तिचा स्पॉटर तिचा भाऊ, आणि त्यांचं चॅनल वेगळं.

दुसऱ्या वळणावर मी तिच्या अगदी जवळ होतो. सगळीकडे पांढरं. संदेश काहीच बोलत नव्हता, म्हणजे सगळं ठीक असावं असं धरून मी अ‍ॅक्सिलरेटर दाबूनच ठेवलेला. तेवढ्यात कानात सुप्रियाचा आवाज आला.

"वैभव, सोड. ब्रेक मार."

मी विचार केला नाही. चार वर्षं त्या आवाजाचं ऐकायची सवय. पाय काढला, गाडी सरळ केली, ब्रेक मारला.

धूर विरला तेव्हा रेणुकाची गाडी माझ्यासमोर आडवी उभी होती. मागचा अ‍ॅक्सल तुटून ती जागीच फिरलेली. तिचं दार माझ्याकडे, आणि माझा बंपर त्या दारापासून दीड हातावर. ती आत बसून माझ्याकडे बघत होती.

संदेश धावत आला. त्यालाही धुरात काही दिसलं नव्हतं. म्हणाला, मला काही दिसून मी बटण दाबायच्या आत तू थांबलास. आवाज? त्याच्या सेटवर काहीच आलं नव्हतं. दुसऱ्या कुणाचं बोलणं चॅनलवर घुसलं असेल असं मी ठरवलं. पण माझं नाव?

घरी फोन केला तर सासूबाईंनी उचलला. सुप्रिया औषध घेऊन दहापासून झोपलेली. मग मी विषय सोडून दिला. ताणात मेंदू काहीही ऐकतो.

बुधवारी रेणुकाचा फोन आला. गाडीबद्दल बोलून झाल्यावर तिने विचारलं, "तुमची बायको स्पॉटर आहे ना? त्यांना थँक्यू सांगा. बॉनेटमधून धूर यायला लागलेला, मी बेल्ट काढून उतरणारच होते. तेवढ्यात हेल्मेटमध्ये त्यांचा आवाज आला, उतरू नकोस, बसून राहा."

ती उतरली असती तर माझ्या बंपरपुढे आली असती.

सुप्रिया त्या दिवशी मैदानावर नव्हतीच, हे मी तिला सांगितलं. तिने फोन बाजूला धरून भावाला विचारलं. मग म्हणाली की तिच्या भावाने असं काहीच सांगितलं नव्हतं, तोही धुरामुळे आंधळाच होता.

रात्री जेवताना मी सुप्रियाला सगळं सांगितलं. डॉक्टरांची मुदत संपली नव्हती, त्यामुळे तिने मोबाईलवर टाइप करून माझ्यापुढे धरला — "मी ओरडून बोलले का?"

मी म्हटलं, नाही. अगदी शांतपणे. शेजारी बसून सांगावं तसं.

तिने पुन्हा टाइप केलं.

"मग ती मी नव्हते. मी किंचाळले असते."

दोन वेगळी चॅनल, दोन हेल्मेट, एक आवाज. सुप्रिया परत स्पॉटर म्हणून उभी राहते. धूर दाट झाला की तिचा आवाज चढतो, दर वेळी. इतक्या रविवारांत तो तसा शांत एकदाही ऐकू आलेला नाही.