जागा एकच होती

आमच्या कर्जतला जागा म्हटलं की लोक आधी गुंठे विचारतात. गाण्यातली जागा वेगळी. मूळ चालीत नसलेलं काहीतरी वाजवणाऱ्याला तिथल्या तिथं सुचतं आणि ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते, ती जागा. माझ्या धाकट्या भावाला ती सापडते. मला नाही. जळतो मी त्याच्यावर, सरळ सांगतो.

आम्ही दोघं लग्नांत हळदीच्या बँजो पार्टीत सॅक्सोफोन वाजवायचो. शिकवला मीच त्याला. त्याची मात्र रियाजाच्या नावानं बोंब. साजगावच्या कारखान्यातून पाळी संपवून येणार, डबा मोरीत टाकणार आणि वाजवायला लागणार. मेल्याच्या बोटांना काय लागलंय कुणास ठाऊक!

इथल्या एका रिसॉर्टवर दर शनिवारी जाझ वाजवणाऱ्यांना सॅक्सोफोनवाला हवा होता. एकच. ती संधी मला इतकी हवी होती की त्या दिवसांत मी बायकोशीही धड बोललो नाही. आम्ही दोघंही गेलो. आधी मी वाजवलं. एक सूर चुकला नाही. भावाचा मात्र मधेच सपशेल चुकला. मला बरं वाटलं. तर हा पठ्ठ्या तोच चुकलेला सूर पुन्हा लावून, धरून, त्यातून थेट हळदीच्या चालीत शिरला की! ड्रम वाजवणाऱ्या बाई ओरडल्या, "क्या बात है!"

बाई मुंबईच्या, मेंदूच्या डॉक्टर. चहा घेताना मला समजावू लागल्या, "असं वाजवताना मेंदूतला स्वतःवर पहारा ठेवणारा भाग जरा गप्प बसतो. पुढचा सूर ठरतो, पण आपण ठरवला असं वाटत नाही. तुमचा तो भाग सारखा जागा असतो."

जागा! माझ्या वाट्याला आली ती ही.

त्यांनी भावाला घेतलं.

बाहेर गाडीपाशी आल्यावर भाऊ म्हणाला, "दादा, तूच जा. माझी शनिवारी पाळी हाय म्हनून सांगतो मी त्यांना." क्षणभरही थांबला नाही. अशा वेळी मोठ्या भावानं 'नको रं, तुझी हाय ती' म्हणायचं असतं. त्यालाही ते ठाऊक होतं. मीही तेच म्हणणार होतो.

"बरं," मी म्हणालो. तोंडातून कसं निघालं, कळलंच नाही.

तो हसला. मग कितीतरी वेळ खिसे चाचपत गाडीची चावी शोधत राहिला. ती त्याच्या हातातच होती.